प्लास्टर गार होईपर्यंत

माझ्या आत्याला एक खोड होती. आमच्या घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली, की ती माझा डावा हात मागायची. मनगट मुठीत धरायची आणि तशीच बसून राहायची. दोन मिनिटं, तीन मिनिटं. तोंडाने गप्पा चालूच. आईची विचारपूस, बाबांशी वाद, सगळं माझं मनगट धरून. बाबा चिडवायचे, "नाडी बघतेस काय गं? डॉक्टर केव्हा झालीस?" ती म्हणायची, "डॉक्टर नाही झाले, पण डॉक्टरांचं माझ्यावाचून पान हलत नाही." मग मनगट सोडायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आत्या असंच करत असतील.

आत्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत काम करायची. एकतीस वर्षं. मोडलेलं हाड डॉक्टर बसवायचे, आणि बसवलेलं तसंच राहावं ही जबाबदारी आत्याची. तिथे तिला सगळे 'प्लास्टरमावशी' म्हणत. तिच्या हातांवर कोपरापर्यंत कायम एक पांढुरकी झाक असायची आणि नखांच्या कडेला पांढरी रेघ. ती कितीही घासली तरी जात नसे. लग्न तिने केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि बघायला आलेल्यांना घाई असायची."

आत्या जे मनगट धरायची, त्याच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा एक चकचकीत डाग आहे. चार वर्षांची असताना माझा हात इस्त्रीवर पडला, असं आईने सांगितलेलं. त्याच सुमारास तो हात मोडलाही होता म्हणे. एका धांदरट पोरीचे दोन पराक्रम, असं समजून मी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या होत्या.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. म्हणून आत्या मला 'मास्तरीण' म्हणते, आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमची भांडणं एकाच पदार्थावरून व्हायची. तो पदार्थ म्हणजे कॅल्शियमचं एक मीठ, कॅल्शियम सल्फेट. मी मीठ म्हटलं की आत्याच्या कपाळाला आठ्या. "मीठ कसलं? चाटून बघितलंय मी. आळणी लागतं." मी सांगायचे की रसायनात मीठ म्हणजे खारटच असं नाही, आम्लाचं आणि अल्कलीचं लग्न लावलं की जे होतं ते मीठ. "लग्नातून झालं तर त्याला मूल म्हणा," आत्या म्हणायची, "मीठ कशाला?"

पण एकदा तिने सगळं नीट ऐकून घेतलं. जिप्सम नावाचा एक दगड जमिनीतून काढतात. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. त्याच्या एकेका रेणूला पाण्याचे दोन-दोन रेणू चिकटलेले असतात. दगड भट्टीत भाजला की ते पाणी सुटून जातं, पण सगळं नाही. दोघांत मिळून एक पाणी उरतं, म्हणजे एकाच्या वाट्याला अर्धं. ही झाली प्लास्टरची पूड. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की गेलेलं पाणी ती अधाशासारखी परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतत जातात, आणि बघता बघता परत दगड. भाजताना घेतलेली उष्णताही ती परत करते, म्हणून प्लास्टर धरायला, म्हणजे घट्ट व्हायला, लागलं की तापतं. भट्टीत फारच भाजलं तर मात्र सगळंच पाणी निघून जातं, आणि मग त्यात पाणी घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. छताची नक्षी, भांडी ओतायचे साचे, सिमेंटने एकदम धरू नये म्हणून त्यात मिसळलेली थोडीशी पूड, आणि आमच्या वर्गातला खडू, सगळीकडे हाच गृहस्थ. म्हणजे आत्या आणि मी दिवसभर एकाच दगडाने हात पांढरे करून घरी जायचो. फरक एवढाच की माझं काम तास संपला की पुसलं जायचं.

"अर्धं पाणी," आत्या म्हणाली. "हे आवडलं मला. अर्ध्यावर ठेवलंय, म्हणून तहान आहे त्याला. आणि तापतं किती वेळ, लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

"दहा-बारा मिनिटं."

"आणि गार किती वेळात होतं?"

मी पुस्तकाची पानं आठवायला लागले.

"ते नसेल लिहिलेलं. त्याला हात ठेवून बसावं लागतं."

ती तशी बसायची खरी. तिच्या खोलीत एक लांबट टेबल, एक नळ, एक स्टीलचं घमेलं, कापसाचे आणि प्लास्टरच्या पट्ट्यांचे गुंडाळे, आणि बाहेर बाकावर दहा-पंधरा माणसं कण्हत बसलेली. प्रत्येक पेशंटला घमेल्यातलं पाणी नवीन. आधीच्या पाण्यात धरलेल्या प्लास्टरचे कण उरतात आणि पुढचं प्लास्टर अवेळी धरतं, म्हणून. पाणी आधी मनगटावर घेऊन बघायचं. पट्टीचा गुंडाळा पाण्यात उभा धरायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढायचा नाही. हात फिरवायचा तो तळव्याने, बोटाने कधीच नाही, कारण बोटाचा खळगा आत कातडीला टोचत राहतो. आणि सगळं झाल्यावर तिची शेवटची पद्धत, जिच्यावरून बाहेरची रांग आणि आतले डॉक्टर दोघंही तिच्यावर वैतागायचे. प्लास्टरवर दोन्ही तळवे ठेवून ती उभी राहायची. ते तापायचं, तापत तापत कळसाला जायचं, मग हळूहळू गार व्हायचं. गार झालं की हात उचलायची. तोवर पुढच्या पेशंटकडे बघायचीसुद्धा नाही.

"मावशी, वाळलंय की ते," बाकावरून कुणीतरी ओरडायचं.

"वाळलं नाहीये, धरलंय. वाळायला दोन दिवस लागतात. आणि धरलं म्हणजे झालं असं नसतं."

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण लहानपणी सुट्टीत मी त्या खोलीच्या दारात बसून असायचे. पण ठाऊक असणं आणि पटणं यांत अंतर असतं. मला ती पद्धत म्हणजे आत्याचा हट्ट वाटायचा. जुन्या माणसांचे असतात तसा.

मग माझी मुलगी जन्मली. इतकीशी होती म्हणून तिचं नाव घरात गुंडी पडलं. तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा उजव्या पायाकडे बघतोय असं. मी ते पाहिलं आणि रडायला लागले. नवरा धीर देत होता, आई देत होती, आणि त्या धीराचा मला राग येत होता. आत्या आली, हात धुतले, ते पाऊल तळव्यावर घेतलं, हलक्याने जरासं बाहेर वळवून पाहिलं आणि म्हणाली, "मऊ आहे. येईल."

डॉक्टरांनी नीट समजावलं. दर बुधवारी एक प्लास्टर, मांडीपर्यंत. दर वेळी पाऊल थोडं थोडं बाहेर आणायचं आणि त्या जागी प्लास्टरने धरून ठेवायचं. सहा प्लास्टरं. मग टाचेमागे एक छोटासा काप, आणि पुढे खास बूट. वेळेत झालं तर पोरगी इतरांसारखी चालेल. नाही झालं तर मोठं ऑपरेशन, आणि तो पाय कायमचा ताठर राहील. मला दुसरं काही नको होतं. माझी लेक दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून चालली पाहिजे, एवढंच.

आत्याच्या निवृत्तीला तेव्हा सात आठवडे उरले होते. "सहा प्लास्टरं आणि वर एक आठवडा," तिने बोटं मोजली. "पोरीने मुहूर्त साधलाय. माझ्या हातून पुरं होणार."

पहिल्या बुधवारी गुंडी जी रडली, ती मी विसरू शकत नाही. तिला दुखत नव्हतं, हे डॉक्टर सांगत होते आणि ते खरंच असेल. पण परक्या हातांनी पाऊल धरून ठेवलंय, ओलं ओलं काहीतरी पायाला गुंडाळलं जातंय, आणि मग त्यात काहीतरी तापतंय, हे तिला कसं समजावणार? डॉक्टर पाऊल धरून, आत्या प्लास्टर धरून, आणि पोर लालबुंद. दुसऱ्या बुधवारी रडता रडता तिचा श्वास अडकला, ओठ निळे झाले, आणि मग ती पुन्हा किंचाळली. आत्याने हात उचलले नाहीत. मला त्या क्षणी आत्या अगदी निर्दय वाटली.

आणि मी रसायनशास्त्राची बाई. दर वर्षी वर्गात मी एक प्रयोग करून दाखवते. दोन पेले, दोन्हींत प्लास्टर, एका पेल्यातल्या पाण्यात साधं खायचं मीठ. मीठवाला पेला निम्म्या वेळात धरतो. साखर घातली तर उलट, धरता धरत नाही. पोरं टाळ्या वाजवतात. मी घरी बसून विचार केला, दहा मिनिटांची पाच झाली तर पोरीचे पाच मिनिटांचे हाल वाचतील. पाणी गरम करायचं नाही, ते आत्याला कळेल. नुसतं मीठ. मला माझ्या हुशारीचं फार बरं वाटलं. पी हळद अन् हो गोरी म्हणतात, त्यातली गत.

तिसऱ्या बुधवारी आत्या कापूस गुंडाळत होती. ती म्हणाली, "मास्तरीण, तेवढं घमेलं भरून आण." मी भरलं. पर्समधली कागदाची पुडी त्यात रिकामी केली आणि हाताने ढवळलं. दोन मोठे चमचे तरी असेल.

आत्याने मनगट बुडवून पाहिलं. पाणी कोमट, हवं तसं. गुंडाळा बुडवला, बुडबुडे थांबले, हलका पिळला, गुंडाळायला सुरुवात केली. डॉक्टर पाऊल धरून उभे होते. पोटरीपर्यंत आली असेल नसेल, आत्याचा हात थबकला. तिने तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. खालचा थर तेव्हाच कडक झाला होता, आणि पाऊल अजून पुरतं बाहेर आलेलंच नव्हतं.

"सोडा," आत्या म्हणाली.

"अजून थोडं वळवायचंय," डॉक्टर म्हणाले.

"पाऊल सोडा डॉक्टर. हे काढायचंय."

तिने कात्री घेतली. तीस वर्षांत मी तिला घाईने काही करताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. प्लास्टर चिरलं, दोन्ही हातांनी फाकवलं, कापूस ओढून काढला. घाईने धरलेलं ते प्लास्टर तापलंही जास्त होतं, आणि गुंडीच्या पोटरीवर बटणाएवढा लाल डाग उठला होता. फोड नव्हता. आत्याने तो डाग नळाखाली धरला, पोर किंचाळत होती, आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

पाऊल माझ्या हातात देऊन आत्या घमेल्याकडे गेली. पाण्यात एक बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी बदलायचं राहिलं माझं," आत्या म्हणाली. "आधीच्या पेशंटचंच होतं."

"तुमच्याकडून?"

एवढंच बोलले ते. आवाजही चढवला नाही. पण पाण्यावरून अख्ख्या दवाखान्याशी भांडलेल्या बाईला तो प्रश्न कसा लागला असेल, हे मला तिच्या मानेवरून कळलं. आणि मी, जिचं तोंड वर्गात चाळीस पोरांपुढे बंद होत नाही, मी गप्प राहिले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. डॉक्टरांनी डाग तपासला आणि सांगितलं की कातडी लाल असताना प्लास्टर घालता येणार नाही. पुढच्या बुधवारी या. तोवर पाऊल थोडं मागे जाईल, त्याला इलाज नाही.

गुंडीला बाहेर बसलेल्या आईकडे देऊन मी मागच्या मोरीत गेले. आत्या घमेलं घासत होती.

"आत्या, मी फक्त..."

"ती रडत होती म्हणून. कळलं मला."

"पाच मिनिटांत झालं असतं गं."

"हो ना. मीही तेच म्हटलं होतं." तिने घमेलं उपडं घातलं, हात पुसले आणि सवयीने माझं मनगट धरलं. या वेळी तिने अंगठा नेमका त्या डागावर ठेवला. "हा इस्त्रीचा नाही."

मला आधी कळेना ती काय म्हणतेय. ती खालच्या आवाजात, न थांबता सांगत गेली. तिच्या नोकरीचं दुसरं वर्ष. थंडीचे दिवस. मी भिंतीवरून पडले, मनगट मोडलं, बाबा मला तिच्याकडेच घेऊन आले. मी रडून रडून निळी पडले होते. आपल्या भाचीला गार पाणी नको, आणि लवकर आटपू दे, म्हणून तिने चहाच्या किटलीतलं गरम पाणी घमेल्यात ओतलं. वर हात पक्का राहावा म्हणून दोन थर जास्त गुंडाळले आणि तो हात उशीवर ठेवला. गरम पाण्याने प्लास्टर जास्त तापतं, जाड थराने आणखी तापतं, आणि उशीत ठेवलं की ती उष्णता बाहेर पडत नाही.

"तू म्हणालीस, आत्या, गरम लागतंय. मी म्हटलं, लागतं गं, होईल आत्ता गार. आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तू परत म्हणालीस. मी म्हटलं, आले हं. बाहेर रांग होती." तिने अंगठा डागावरून फिरवला. "दोनदा म्हणालीस. मग रडायची थांबलीस. मला वाटलं, पोर शांत झाली."

मी हात ओढून घेतला. मला वाईट वाटलं, दया आली, असं काही मी सांगणार नाही. मला राग आला. तीस वर्षं मी एका इस्त्रीला दोष देत होते आणि ही समोर बसून माझं मनगट कुरवाळत होती. मी गुंडीला घेऊन घरी आले.

संध्याकाळी आईला विचारलं. आई पोरीचे कपडे घडी करत होती, ती करतच राहिली. "वन्संनी प्लास्टर कापलं त्याच दिवशी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "रडल्या फार. नोकरी सोडते म्हणाल्या. मी म्हटलं, सोडू नका. तुमच्या जागी येईल त्याला कुठे ठाऊक असणार, चुकलं की काय होतं ते? तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुला सांगायचं नाही, हे मी ठरवलं. इस्त्री माझीच."

"का पण?"

"तुला आत्या एकच आहे, म्हणून."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मी कितीदा ऐकलं होतं. आत्या एकतीस वर्षं दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक अनोळखी हातापायावर ते ताक फुंकत होती, आणि मी त्याला हट्ट म्हणत होते. हे कळलं, तरी राग लगेच गेला नाही. कळणं आणि राग जाणं, दोन्ही एकाच गाडीने येत नाहीत.

पण डॉक्टरांपुढे गप्प राहणं मला सकाळपर्यंतच पेललं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले आणि मिठाच्या पुडीचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मावशी पाणी बदलायला विसरल्या, यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न कालपासून करतोय," ते म्हणाले. "जमत नव्हतं. बरं झालं आलात. आणि बाई, पुढच्या वेळी वर्गातला प्रयोग वर्गातच." मी मान खाली घालून हो म्हटलं. दहावीनंतर पहिल्यांदाच.

आत्याला हे कळल्यावर ती माझ्यावरच उखडली. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? झाकली मूठ राहू द्यायची."

"तुझ्यावर आलेलं मी का गिळू?"

"तुझ्या आईने गिळलंच ना माझं?" एवढं बोलून ती कापूस मोजायला लागली.

चौथ्या बुधवारी पाऊल जवळजवळ पहिल्या दिवसासारखं आत गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहाची आता सात करावी लागतील. मी बोटं मोजली, आणि आत्याने माझ्याआधीच मोजलेली होती. एक बुधवार वाया गेला, एक प्लास्टर वाढलं. शेवटचं प्लास्टर आठव्या बुधवारी येणार होतं, म्हणजे तिच्या निवृत्तीनंतर. तिच्या हातून पुरं होणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. घमेलं तेव्हापासून ती स्वतः भरायला लागली.

चौथ्यापासून सातव्यापर्यंत चारही बुधवारी ती प्लास्टर घालायची आणि तळवे ठेवून उभी राहायची. गुंडी रडायची, मी तिला गाणी म्हणून दाखवायचे, सगळी बेसूर. पाऊल दर आठवड्याला थोडं बाहेर येत होतं. काम झाल्यावर आत्या एखादे वेळी माझ्या हाताकडे बघायची, आणि मी तो दुपट्याखाली घ्यायचे. तिने मागितला नाही. मीही दिला नाही.

सातव्या आठवड्याच्या शेवटी ती निवृत्त झाली. दवाखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. "आता देतात," ती म्हणाली. "रांग संपल्यावर."

आठव्या बुधवारी ती आमच्याबरोबर आली ती पेशंटची नातेवाईक म्हणून, बाहेरच्या बाकावर रांगेत बसून. आत नवीन बाई होती, कामाला चांगली. सकाळी घरी बादलीत पाय भिजवून आम्ही जुनं प्लास्टर सोडवलं होतं, आणि टेबलावर ठेवलेलं गुंडीचं डावं पाऊल उजव्यासारखंच दिसत होतं, उलट थोडं जास्तच बाहेर, डॉक्टरांना हवं होतं तसं. गुंडी आज जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरते आणि मी ओरडते, पण ते नंतरचं. त्या दिवशी मी फक्त ते पाऊल बघत होते.

नवीन बाईने पाणी बदललं, मनगट बुडवून पाहिलं. हे आत्याने शिकवून ठेवलं होतं. पट्ट्या गुंडाळल्या, तळव्याने फिरवलं, डॉक्टरांनी पाऊल धरलं, प्लास्टर धरलं. मग तिने हात उचलले आणि दाराकडे वळून पुढच्याचा नंबर पुकारला. बाहेर खरंच मोठी रांग होती.

आत्या टेबलाशेजारच्या खुर्चीवरून अर्धी उठली आणि परत बसली. ती खोली आता तिची नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उजवा तळवा प्लास्टरवर ठेवला. आधी ते ओलं, थंडगार लागलं. मग आतून ऊब आली. ती वाढत गेली, इतकी की मी घाबरून नवीन बाईकडे बघितलं. आत्याने मान हलवली, असंच असतं. मी हात काढला नाही. गुंडी रडत होती, रडता रडता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, झालंय ते, धरलंय," नवीन बाई म्हणाली.

"धरलंय. गार व्हायचंय."

मागे कुणीतरी चुकचुकलं. मला त्या माणसाचा रागही आला नाही. माझा डावा हात मोकळा होता. मी तो आत्यापुढे केला.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग मनगट मुठीत घेतलं, नेहमीसारखं, अंगठा डागावर. आम्ही दोघी तशाच बसलो, मी लेकीचा पाय धरून, ती माझा हात धरून. माझ्या तळव्याखालची ऊब कळसाला गेली, टिकली, आणि उतरायला लागली. किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही. शेवटी तिथे नुसता ओला दगड उरला. गुंडीही दमून गप्प झाली होती.

"हिचं झालं गार," मी म्हटलं. "आणि माझंही झालंय आत्या. केव्हाच झालंय."

आत्याने लगेच सोडलं नाही. तिने अंगठा उचलून डाग बघितला, परत अंगठा ठेवला, जरा वेळ थांबली. मग मनगट सोडलं, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बसायला खुर्ची हवी म्हणून उठून उभी राहिली.